खारे सांडपाणी आणि थंडीची विद्या

कामगार संघटनेच्या माणसाने बर्फावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. माझी शाळा सातवीपर्यंतची. पुढचे शिकलो ते कारखान्याच्या फाटकाशी आणि वाचनालयात. हा विषयही मला फाटकानेच दिला.

आपल्या अंगावरच्या सुती कापडाला रंग पक्का बसावा म्हणून रंगाच्या हौदात मीठ घालतात. कधी साधे, कधी ग्लॉबरचे मीठ, म्हणजे सोडियम सल्फेट. हे मीठ कापडात राहत नाही. आपले काम करून ते सांडपाण्याबरोबर बाहेर पडते. इचलकरंजीसारख्या गावी जाऊन पाहावे. शुद्धीकरणाच्या हौदातले जिवाणू इतर घाण खातात, मिठाला शिवत नाहीत. 1974 साली जलप्रदूषणाचा कायदा झाला, पुढे नियम कडक होत गेले, आणि खारे पाणी आटविण्याची यंत्रे आली.

आटविणे आपल्याला नवे नव्हे. लोणारच्या सरोवरातून शतकानुशतके खार काढीत. काच आणि साबण यांसाठी तो लागे, असा उल्लेख आईन-इ-अकबरीत आहे. पाणी आटविण्याचे काम ऊन करी. निघणाऱ्या खाराचे पाच प्रकार मानीत : दल्ला, निमकदल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. ही नावे कोणा रसायनशास्त्रज्ञाने दिली नसावीत. ज्यांचे हात त्या खाराने फाटले त्यांची ती भाषा दिसते.

कारखान्याच्या आटवणीत असे वेगवेगळे प्रकार क्वचितच हाती येतात. सगळी मिठे रंगाच्या घाणीसह एकत्र बसतात. हा माल कोणी विकत घेत नाही. तळोजा, रांजणगाव येथे घातक कचरा पुरण्याच्या जागा आहेत, तिकडे असला माल जातो.

इथे थंडी उपयोगी पडते. पाणी गोठताना स्फटिकात मिठाला जागा देत नाही. उत्तर ध्रुवाकडचे लोक समुद्रावरचा जुना बर्फ वितळवून पीत, ते याच कारणाने. 1960 च्या दशकात अलेक्झांडर झार्खिन यांच्या पद्धतीने इस्रायलमध्ये एलात येथे समुद्राचे पाणी निर्वात भांड्यात गोठवून गोडे केले. पुढे इतर पद्धती स्वस्त पडल्या आणि ती मागे पडली. नंतर हॉलंडमधील डेल्फ्ट आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथील विद्यापीठांनी पुढचा टप्पा गाठला. पाणी एका ठराविक अंशापर्यंत उतरवले, की बर्फ आणि मीठ एकदमच निघतात. बर्फ तरंगतो, मीठ तळाशी बसते. ग्लॉबरच्या मिठाचा हा अंश शून्याखाली सुमारे सव्वा, साध्या मिठाचा सुमारे एकवीस. म्हणजे एक मीठ आधी, दुसरे नंतर, वेगवेगळे मिळण्याची सोय झाली.

एक किलो पाण्याची वाफ करण्यास जितकी उष्णता द्यावी लागते, तिच्या सातव्या हिश्श्याइतकीच ते गोठविताना काढावी लागते. पण या हिशेबावर फार भाळू नये. थंडी करणारे यंत्र महाग. बर्फ भांड्याच्या भिंतीला चिकटतो, तो सतत खरवडावा लागतो. स्फटिकांत अडकलेले खारे पाणी धुऊन काढावे लागते. शिवाय बीडच्या वैशाखात यंत्राने काढलेली उष्णता टाकायची कुठे?

तरीही मालकांशी बोलताना मी हा विषय काढतोच. एका कारखान्यात (नाव सांगत नाही) आटवणीच्या भांड्यात बसलेला मिठाचा थर छिन्नीने फोडायला पोरे आत उतरत. भांडे पुरते निवालेले नसे. त्याच कारखान्याच्या पुढच्या दाराने आठवड्याला ग्लॉबरच्या मिठाची नवी पोती येत, आणि मागच्या दाराने तेच मीठ, काळे होऊन, पुरायला जाई. दोन्हीकडची हमाली एकच टोळी करी.