एक पोथी, एक मोरपीस

डुप्लिकेट म्हटलं की डोळ्यासमोर झेरॉक्स येते. मूळ कागद वेगळा, प्रत वेगळी. प्रतीवर काहीही खरडा, मूळ कागदाला त्याचा पत्ता नसतो. युनिक्समध्ये 'डप' नावाचा एक सिस्टिम कॉल आहे. नाव डुप्लिकेटवरूनच आलंय, पण हा झेरॉक्स काढत नाही. मग काय करतो? त्याची गोष्ट मजेशीर आहे, कॉम्प्युटरवाले नसलेल्या मंडळींनीही वाचावी अशी.

युनिक्समध्ये प्रोग्रॅमनं फाइल उघडली की त्याला एक नंबर मिळतो, फाइल डिस्क्रिप्टर. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसा. पुढचा सगळा व्यवहार बिल्ल्यावर. ० म्हणजे जिथून वाचायचं ते, १ म्हणजे जिथे लिहायचं ते.

१९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या मशीनवर युनिक्सची सुरुवात केली. पुढे त्यात 'फोर्क' आला. चालू प्रोग्रॅमची हुबेहूब प्रत काढायची आणि नवं काम त्या प्रतीनं करायचं. मूळ तो पालक, प्रत ते मूल. असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळींत हे बसलं. आनंदीआनंद! आणि मग लक्षात आलं, की डिरेक्टरी बदलायची कमांडच चालेनाशी झालीय. मूल स्वतःची डिरेक्टरी बदलायचं आणि काम संपवून नाहीसं व्हायचं. पालक आपले होते तिथेच. शेवटी ते काम शेलनं स्वतःच करायचं ठरलं.

दुसरी भानगड जास्त वाईट होती. दोन कमांड ओळीनं चालवून दोघींचं उत्तर एकाच फाइलमध्ये पाठवलं, तर दुसरीचं उत्तर पहिलीच्या उत्तरावरच लिहिलं जायचं. कारण फाइलमध्ये कुठवर पोचलो याची खूण प्रत्येक प्रोसेस स्वतःपाशी ठेवायची. पहिलं मूल गेलं की त्याची खूणही गेली. दुसरं पुन्हा पहिल्या पानापासून सुरू!

घरात पोथीचं पारायण चालू आहे असं समजा. आज आजोबा वाचतात, उद्या काका. मोरपीस पोथीतच राहतं, म्हणून काका पुढच्या अध्यायापासून सुरू करतात. आजोबा मोरपीस खिशात घालून गेले तर? इथे तेच होत होतं. उपाय म्हणून उघडलेल्या फाइलींच्या खुणांसाठी सिस्टिममध्ये एक वेगळा तक्ता केला. प्रोसेसच्या हातात नुसता बिल्ला. हे दोन्ही किस्से रिचीनं १९७९ मध्ये एका लेखात लिहून ठेवलेत.

डप उभा आहे तो या तक्त्यावर. प्रोग्रॅम बागेतल्या पाण्याच्या नळ्यांसारखे एकमेकांना जोडता यावेत, असं डग मॅकिलरॉयनं १९६४ मध्येच लिहिलं होतं. फेब्रुवारी १९७३ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये पाइप आहे आणि डपही आहे. पाइपच्या टोकांना मिळतील ते नंबर मिळतात, ३, ४ वगैरे. वाचणारा प्रोग्रॅम मात्र ० सोडून कुठे बघत नाही. म्हणून आधी ० बंद करायचा आणि पाइपच्या टोकाचा डप काढायचा. डप सगळ्यात लहान रिकामा नंबर देतो, म्हणजे ०! प्रोग्रॅमला काही कळतही नाही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'डप२' आला, हवा तो नंबर सांगून मागायची सोय.

त्याच आवृत्तीतल्या बोर्न शेलमध्ये २>&१ हा मंत्र आला. २ हा चुकांच्या निरोपांचा नंबर. तो १ जिथे जातो तिथेच पाठव, एवढाच अर्थ. दोघं एकाच फाइलमध्ये लिहितात पण एकमेकांचं पुसत नाहीत, कारण मोरपीस एकच. तीच फाइल दोनदा वेगवेगळी उघडली असती तर दोन मोरपिसं झाली असती, आणि पुन्हा तीच जुनी भानगड.

थोडक्यात, डिरेक्टरी ज्याची त्याची, खूण मात्र सगळ्यांची मिळून. काय सामायिक ठेवायचं आणि काय ज्याचं त्याचं, हे त्या हुशार माणसांनाही लिहिलेलं पुसलं जायला लागल्यावरच उमगलं. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको..