हालेची पंगत

वार लावून जेवणारा विद्यार्थी मराठी घराला नवा नाही. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी आठवड्याची सात पाने जमवून विद्या मिळवलेली माणसे आपल्या मागच्या पिढ्यांत पुष्कळ होऊन गेली. ते अन्न कोणी मायेने वाढी, कोणी पुण्याच्या हिशेबाने वाढी, तर कोणी कपाळाला आठी घालून वाढी. आणि पानावर बसण्याआधी जात विचारली जाईच. गरीब विद्यार्थ्याला जेवू घालायचे, तर त्याच्याकडून मागायचे काय? जर्मनीतील हाले या गावाने या प्रश्नाचे एक उत्तर तीनशे वर्षांपूर्वी दिले. ते उत्तर देणाऱ्या मंडळींचा धागा पुढे थेट तंजावरच्या भोसल्यांपर्यंत येऊन पोचतो. म्हणून ती हकीकत सांगण्याजोगी वाटते.

मार्टिन लूथरचा पंथ विद्यापीठातच जन्मला हे आपण सहसा विसरतो. लूथर हा विटेनबर्गचा प्राध्यापक. त्याने संन्यास सोडून लग्न केले ते कातारिना फोन बोरा या पूर्वाश्रमीच्या जोगिणीशी, आणि संसार थाटला तो जुन्या मठातच. त्या मठात कातारिनाबाईंनी विद्यार्थ्यांची खानावळ चालवली. डुकरे पाळली, बाग पिकवली, बीअर गाळली, आणि नवऱ्याच्या तत्त्वज्ञानाखाली चूल विझू दिली नाही. जेवताना लूथर जे बोले ते मुले टिपून घेत. ती टिपणे पुढे छापली गेली. कातारिनाबाईंचे हिशेब मात्र कोणी टिपून घेतले नाहीत. इतिहासाची ही खोड जुनीच आहे.

दीडशे वर्षांत या पंथाचेही कर्मकांड झाले. विद्यापीठांतून धर्मशास्त्र म्हणजे वादविवादाची तालीम होऊन बसली. अशा काळात, १६८६ साली, लाइपझिगच्या विद्यापीठात आउगुस्ट हेर्मान फ्रांके आणि पाउल आंटोन या दोन तरुण पदवीधरांनी एक छोटे मंडळ काढले. रविवारी जमायचे, बायबलचा एक उतारा मूळ हिब्रूतून आणि एक ग्रीकमधून वाचायचा, एवढाच बेत. प्रथम हा भाषेचा अभ्यास होता. हळूहळू वाचलेले जगायचे कसे, ही चर्चा तिथे होऊ लागली. १६८९ मध्ये फ्रांके बायबलवर जर्मन भाषेतून बोलू लागला, तेव्हा विद्यार्थ्यांच्या मागे गावातले साधे लोकही येऊन बसले. मोठमोठ्या प्राध्यापकांचे वर्ग ओस पडू लागले, आणि ‘पिएटिस्ट’ म्हणजे ‘भाविकबुवा’ अशी त्यांची थट्टा सुरू झाली. त्याच वर्षी या मंडळातला एक विद्यार्थी वारला, तेव्हा फेलर नावाच्या काव्याच्या प्राध्यापकाने त्याच्यावर कविता लिहून ती शिवीच बिरुदासारखी मिरवली. पण अधिकाऱ्यांना कविता कळत नसते. चौकशी बसली, आणि १६९० च्या मार्चमध्ये अशा बैठकींवर बंदी आली. फ्रांके एर्फुर्टला गेला. तिथूनही १६९१ मध्ये त्याला हाकलले. अखेर १६९२ च्या आरंभी तो हालेला आला. प्रशियाच्या राज्यात तिथे नवे विद्यापीठ उभे राहत होते. गावाबाहेरच्या ग्लाउखा या वस्तीतले चर्च त्याच्या वाट्याला आले. वस्ती कसली, दारूचे गुत्ते आणि भीक मागणारी पोरे!

१६९५ सालच्या ईस्टरच्या सुमारास कोणी एका बाईने त्याच्या दानपेटीत चार थालर सोळा ग्रोशन टाकले. हे तर चांगले भांडवल झाले, यातून काही उभे केलेच पाहिजे, असे म्हणून फ्रांकेने दोन थालरांची पुस्तके घेतली आणि एका गरीब विद्यार्थ्याला आठवड्याला सहा ग्रोशन देऊन पोरांना रोज दोन तास शिकवायला बसवले. पोरांना सत्तावीस पुस्तके वाटली. त्यांतली चारच परत आली, बाकीची पोरांबरोबरच पसार झाली. मास्तरकी केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. फ्रांकेने पुन्हा पुस्तके घेतली, आणि या वेळी ती वर्गातच ठेवायची असा नियम केला.

गरीब विद्यार्थ्यांना तो प्रथम रोख पैसे देई. १६९६ मध्ये त्याने रोकड बंद करून जेवण सुरू केले. चोवीस विद्यार्थी आणि दोन टेबले, एवढ्यावर प्रारंभ झाला. पैसा कुठे जातो ते दिसत नाही, जेवणारा मात्र डोळ्यांसमोर असतो. जेवणाच्या बदल्यात विद्यार्थ्याने रोज फ्रांकेच्या शाळांतून शिकवायचे. या एका युक्तीने दोन कामे झाली. विद्यार्थी मिंधा राहिला नाही, आणि ज्या पोरांसाठी पगारी मास्तर ठेवणे अशक्य होते त्यांना मास्तर मिळाले. शिकवणाऱ्यांना शिकवण्याची वेगळी शिकवणीही होती. जर्मनीतल्या पहिल्यावहिल्या अध्यापनशाळांत हालेची गणना होते ती यामुळे. १६९८ मध्ये अनाथगृहाच्या मोठ्या इमारतीचा पाया घातला गेला. औषधांचे दुकान, छापखाना, ग्रंथविक्री यांच्या उत्पन्नावर आणि देणग्यांवर हा पसारा वाढला. १७२७ मध्ये फ्रांके वारला तेव्हा दोन हजारांवर मुले शिकत होती आणि दोनशेंहून अधिक विद्यार्थी रोज त्या टेबलांवर जेवत होते.

पण फुकटचे जेवण कधीच फुकट नसते. हालेच्या पानावर जात विचारत नसत, भक्ती विचारत. जेवताना बायबल वाचले जाई, वागणुकीवर नजर असे, शेरे लिहिले जात. पोटात भूक असताना डोळ्यांत भक्तीचे पाणी आणणे काही अवघड नाही. किती जणांचे ते खरे होते आणि किती जणांचे पानापुरते, हे कोण सांगणार? आणि ज्यांना लाइपझिगने वाणी बंद करून हाकलले त्यांनी हालेत काय केले? ख्रिस्टियान वोल्फ या तत्त्वज्ञाने १७२१ मध्ये भर विद्यापीठात सांगितले, की चीनच्या कन्फ्यूशियसला ख्रिस्ताचे नाव ठाऊक नव्हते, तरी त्याची नीती श्रेष्ठ होती. भाविक मंडळी खवळली. तक्रारी राजापर्यंत गेल्या, आणि १७२३ मध्ये अठ्ठेचाळीस तासांत राज्य सोड, नाही तर फाशी, असा हुकूम वोल्फला मिळाला. या कामी योआखिम लांगे पुढे होता, पण फ्रांकेही त्याच पक्षाचा. सासुरवास सोसलेली सूनच पुढे सासू होते, दुसरे काय!

याच हालेत शिकलेला बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आपल्या सोबत्याला, प्ल्यूट्शाऊला, घेऊन १७०६ च्या जुलैत तरंगमपाडीच्या किनाऱ्यावर उतरला. बंदर डेन्मार्कचे, पण भोवतालचा मुलूख तंजावरच्या शहाजीराजांचा, म्हणजे व्यंकोजीराजांच्या मुलाचा. त्सीगेनबाल्गने तमिळ शिकून नवा करार तमिळमध्ये छापला. पण तिथल्या देवदेवतांवर त्याने १७१३ मध्ये लिहिलेला ग्रंथ फ्रांकेने छापला नाही. त्याला पाठवले होते ते ही दैवते उखडायला, युरोपात पसरवायला नव्हे, असा फ्रांकेचा विचार. तो ग्रंथ छापून निघायला १८६७ साल उजाडले.

पुढे १७४६ मध्ये ख्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ हा वीस वर्षांचा मुलगा हालेला आला. अनाथगृहाच्या शाळेत तो लॅटिन शिकवू लागला, आणि हिंदुस्थानातून परतलेल्या शुल्ट्सेकडून तमिळही शिकला. १७५० मध्ये तो तरंगमपाडीला आला आणि पुन्हा मायदेशी गेला नाही. तंजावरच्या दरबाराशी बोलता यावे म्हणून तो मराठीही शिकला. हैदर अलीकडे १७७९ मध्ये इंग्रजांनी याच पाद्र्याला वकील म्हणून धाडले.

१७८७ मध्ये तुळजाराजांनी मरणापूर्वी दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि त्याला श्वार्ट्झच्या हवाली करू पाहिले. श्वार्ट्झने ते एकट्याने पत्करले नाही. राज्य आणि मूल दोन्ही राजबंधू अमरसिंहाकडे गेली. मग मुलगा कोंडीत पडला, शिक्षण थांबले. तेव्हा मात्र श्वार्ट्झने कंपनीकडे सतत तगादा लावला आणि १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवले. तिथे त्याचे शिक्षण झाले. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला, आणि त्याच वर्षी सरफोजीराजे गादीवर बसले. तंजावरच्या चर्चमध्ये इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनने घडवलेले श्वार्ट्झचे संगमरवरी स्मारक आहे. ते सरफोजीराजांनी करवून घेतले आणि त्यावरच्या इंग्रजी ओळी स्वतः रचल्या. हालेत ज्याची भक्ती तपासून शेरे लिहिले गेले असते, तो हा मुलगा शेवटपर्यंत आपल्या धर्मात राहिला, काशीयात्रा करून आला, बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून ठेवला. आणि तो आपल्या धर्मात राहिला म्हणून श्वार्ट्झचे त्याच्यावरचे प्रेम कधी तिळमात्र उणे झाले नाही. फ्रांकेपेक्षा त्याच्या संस्थेतला हा शिष्य मला मोठा वाटतो तो इथे.

१७९९ च्या तहाने राज्य कंपनीकडे गेले; राजांना चिंता पडली ती छत्रांची. ही अन्नछत्रे हालेहून आलेली नव्हेत, ती भोसल्यांच्या घरातली जुनी चाल. १८०१ च्या जानेवारीत त्यांनी रेसिडेंटला लांबलचक पत्र लिहून ती आपल्याच हाती ठेवण्याची विनंती केली. छत्रात ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत प्रत्येक वाटसरूला भात मिळतो, वेदांचे अध्यापक आहेत, वैद्य आहेत, पंतोजी आहेत, असे त्यात सांगितले आहे. वाटसरूंची मुले पोरकी झाली तर ती पंतोजींच्या स्वाधीन होत. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण आणि दर चार दिवसांनी तेल लावून न्हाणे मिळे. कपडे आणि औषधपाणीही छत्राकडूनच होई. आणि शिकवायचे ते, ज्या विद्येची आवड ते मूल स्वतः सांगेल ते.