घर सोडून पुण्यात : वार, माधुकरी आणि वसतिगृह

पुण्याला आपण विद्येचं माहेरघर म्हणतो. पण घर सोडून इथे आलेला मुलगा पहिल्या दिवशी जेवला कुठे, हे आपण फारसं विचारत नाही. आज तेवढंच बघू. कारण पुण्यात कोण शिकणार, हे पुष्कळदा प्रवेश परीक्षेच्या आधीच, जेवणाच्या पानावर ठरत होतं.

जुनी व्यवस्था दोन प्रकारची. एक म्हणजे वार लावणं. सात वारांची सात घरं ठरवायची आणि ज्या वारी ज्यांची पाळी, त्यांच्याकडे जेवायचं. एखादं घर सुटलं, तर त्या दिवशी उपास. दुसरी माधुकरी. दुपारी झोळी घेऊन घरोघरी जायचं आणि मिळेल ते शिजवलेलं अन्न आणायचं. १९०९ मध्ये पुण्यात निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाने, याच माधुकरीच्या आधारावर गरीब मुलांना शिकवलं. ते काम मोठं होतं, यात शंका नाही.

पण हे दार ब्राह्मण मुलासाठी उघडं होतं. बाकीच्यांनी काय करायचं? विठ्ठल रामजी शिंद्यांचं उदाहरण घ्या. १८९० च्या दशकात मराठा कुटुंबातला हा मुलगा जमखंडीहून फर्ग्युसनमध्ये आला. त्याला वार कोण देणार? गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनची मदत मिळाली, म्हणून शिक्षण पुढे गेलं. याच शिंद्यांनी १९०६ मध्ये मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली. तिचं काम पुण्यातही आलं आणि नाना पेठेतला अहिल्याश्रम त्यातूनच उभा राहिला. तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढायला सुरुवात केली होती. महाराजांना नेमकं कळलं होतं, की फी माफ केली तरी मुलाला रात्री निजायला जागा लागतेच.

आता मुलींचं बघा. मुलगा शिकायला बाहेर पडला, की घर त्याची वाट बघायचं. मुलगी बाहेर पडली, तर घर परत मिळेलच याची खात्री नसे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. तिथल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई, एक बालविधवा. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपांवरून गदारोळ झाला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या. शिक्षण तिथेच थांबलं. त्याच वर्षी गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरुड गावाने त्या दोघांवर बहिष्कार टाकला. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो १९०० मध्ये हिंगण्याला गेला. तेव्हा हिंगणं शहराबाहेर होतं.

वसतिगृहात आणखी एक गोष्ट घडते. घरात वडील माणसांसमोर जे बोलता येत नाही, ते तिथे रात्ररात्र बोलता येतं. टेंभूचा गरीब आगरकर डेक्कन कॉलेजात आला. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा, अशी त्याची परिस्थिती. तिथे त्याची टिळकांशी मैत्री जमली. सरकारी नोकरी न करता शाळा काढायची, हे या दोघांनी तिथेच वाद घालून ठरवलं. १ जानेवारी १८८० उलटला, आणि २ तारखेला चिपळूणकरांच्या पुढाकाराने न्यू इंग्लिश स्कूल सुरूही झालं.

वार आता गेले. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली, ती खेड्यातून आलेल्या मुलांसाठीच. आज सदाशिव पेठेत ‘कॉट बेसिस’च्या पाट्या दिसतात. डिपॉझिट, मेस, अभ्यासिका असा हिशेब असतो. काही घरमालक अजून आधी आडनाव विचारतात. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांना स्वाधार योजनेतून पैसे मिळतात. पण हप्ता उशिरा आला, तरी मेसवाल्याचा महिना थांबत नाही.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरातलं जे माणूस पहिल्यांदा शिकायला बाहेर पडलं, त्याला आज घरी गेल्यावर विचारा : पहिल्या रात्री तुम्ही कुणाकडे जेवलात? ते नाव लिहून ठेवा. आपल्या शिक्षणाच्या इतिहासात ते राहून गेलंय.

आता प्रश्न घेऊ.