तडा आणि तरंग

सियागंजच्या रस्त्यांखाली जो काळा पाषाण आहे, त्याच जातीच्या लाव्हाच्या थरांनी सह्याद्रीही घडला आहे. म्हणून कोयनेची कथा इंदूरकरांना परकी वाटू नये, असे मला वाटते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. ६.३ रिश्टरच्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. शिवाजीसागर भरू लागून तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. दख्खनचे पठार अचल आहे, हा रूढ समज त्या पहाटे कोसळला. जलाशयाचे पाणी तड्यांवाटे खोल मुरते, तेथील दाब वाढवते आणि मुळातच ताणलेला खडक सरकतो, अशी उपपत्ती पुढे मांडली गेली.

पण कोसभर खोलीवरचा तडा दिसावा कसा? भुईला भेग, मडक्याला तडा, दाराला फट, इतका विवेक मराठीने केला. खडकाच्या पोटापर्यंत मात्र ती गेली नव्हती. तेथे भूकंपमापक पोहोचला. आडवा कंपनतरंग समांतर तड्यांच्या खडकात शिरला की दुभंगतो. तड्यांना समांतर कंप पावणारा भाग आधी येतो, दुसरा मागाहून. पहिल्याच्या कंपनदिशेवरून तड्यांची दिशा आणि दोहोंतील कालांतरावरून त्यांची दाटी अनुमानतात. तेलसाठ्यांच्या शोधातही हीच युक्ती चालते.

२०१७ मध्ये गोठणे येथील तीन किलोमीटर खोल विवर पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर काळ्या पाषाणाखाली ग्रॅनाइट लागला. ज्या खोल खडकाविषयी तरंगांच्या साक्षीवर बोलले जात होते, तो तेथे हाती आला.