औषध रुग्णापर्यंत पोचताना

ऑक्टोबर १९९६ मधील गोष्ट. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराच्या एका रुग्णालयात एक बाळ जन्माला आले. बाळ निरोगी होते. मात्र आईला पूर्वी कधीतरी उपदंश, म्हणजे सिफिलिस, झाला होता. आईवडील स्पॅनिश बोलणारे, रुग्णालयातील मंडळी इंग्रजी बोलणारी. आईने त्या दुखण्यावर पूर्वी कोणते उपचार घेतले होते, ते पुरे झाले होते की नाही, याचा नीट उलगडा झाला नाही. तेव्हा खबरदारी म्हणून बाळाला पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावे असे ठरले. ते इंजेक्शन चालू असतानाच बाळ निपचित पडले आणि पुन्हा शुद्धीवर आले नाही.

पुढच्या वर्षी तीन परिचारिकांवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा फौजदारी खटला उभा राहिला. वैद्यकात चुका आजवर काही कमी झालेल्या नाहीत. तरीही ही हकिगत आम्ही विस्ताराने सांगणार आहोत, कारण तिची पायरीन् पायरी नंतर तपासली गेली. एखादी चूक कशी घडते हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाहायला मिळते.

आधी औषध समजून घेऊ. साधे पेनिसिलिन पाण्यात सहज विरघळते आणि काही तासांत मूत्रावाटे शरीराबाहेर पडते. बेंझाथीन पेनिसिलिन हा त्याचाच एक क्षार, पण तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बाटलीत तो दुधासारखा पांढरा दिसतो. वास्तविक ते अतिसूक्ष्म स्फटिकांचे निलंबन असते. स्नायूत टोचले की तेथे त्याचा साठा होतो आणि दोन-तीन आठवडे त्यातून थोडे थोडे पेनिसिलिन रक्तात उतरत राहते. संधिज्वराने हृदयाच्या झडपा दुखावलेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी जे दुखरे इंजेक्शन घ्यावे लागते ते हेच. असा एखादा विद्यार्थी आपल्यापैकी काहींनी वर्गात पाहिलाही असेल. जो गुण स्नायूत उपयोगी तोच शिरेत घातक. न विरघळणारे स्फटिक रक्ताबरोबर थेट फुप्फुसातील केशवाहिन्यांपर्यंत पोचतात आणि तेथे अडकतात.

आता हिशेब. बाळाला शरीराच्या दर किलोग्रॅममागे ५०,००० युनिट द्यायचे होते. तीन किलोच्या बाळाला झाले १,५०,००० युनिट. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर होती आणि इंजेक्शन स्नायूत द्यायचे असेही तीत लिहिले होते. फार्मासिस्टला हे औषध फारसे परिचयाचे नव्हते, म्हणून त्यांनी संदर्भ पाहिले. एक नव्हे, दोन पाहिले. दोन्ही ठिकाणी ५०,००० ऐवजी ५,००,००० असे वाचले गेले. चिठ्ठीतील आकडाही मग १५ लाख वाटला. मनात एक आकडा बसला की डोळ्यांना तोच दिसतो. आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना याचा पडताळा आपण रोज घेतो. एकाने केलेला हिशेब दुसऱ्याने स्वतंत्रपणे करून पाहायचा, अशी पक्की पद्धत त्या औषधविभागात नव्हती.

हे औषध तयार भरलेल्या सिरिंजमध्ये मिळत असे. एका सिरिंजमध्ये २ मिलिलिटर, म्हणजे १२ लाख युनिट. बाळासाठी पाव मिलिलिटर पुरेसे होते. वॉर्डात पोचली ती दोन सिरिंज असलेली पिशवी, आणि तिच्यावर लिहिलेले होते : २.५ मिलिलिटर, स्नायूत. बरोबर दहापट. त्या सिरिंज मोठ्या माणसांसाठीच्या होत्या, पण पिशवी पाहून तसे कोणाच्या लक्षात आले नाही.

येथून पुढचा भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नवजात बाळाच्या स्नायूत एका वेळी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा जास्त औषध देत नाहीत. अडीच मिलिलिटर द्यायचे म्हणजे पाच वेळा टोचायचे. परिचारिकेला हे खटकले. तिने डोळे झाकून हुकूम पाळला नाही, आपल्याहून अनुभवी आणि अधिक अधिकार असलेल्या परिचारिकांशी चर्चा केली. बाळाचा त्रास वाचवण्यासाठी हेच औषध शिरेतून देता येईल का, असा प्रश्न निघाला. त्यांनी नवजात बालकांच्या औषधांचे प्रचलित पुस्तक उघडले. त्यात पेनिसिलिन जी शिरेतून सावकाश देता येते असे होते. बेंझाथीनचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. बेंझाथीन हे पेनिसिलिनचे नुसते व्यापारी नाव असावे, असा त्यांचा समज झाला. सिरिंजवर ‘फक्त स्नायूत’ ही सूचना होती खरी, पण ती औषधाच्या नावाच्या नेमक्या उलट बाजूला. सिरिंज हातात फिरवली तरच दिसेल अशी. पांढऱ्या रंगानेही कोणी थबकले नाही, कारण अशक्त बाळांना शिरेतून दिला जाणारा स्निग्ध द्रव असाच दुधी असतो. सुमारे १.८ मिलिलिटर औषध आत गेले तेव्हा बाळ निपचित पडले.

या परिचारिकांनी विचार केला नाही, असे म्हणता येईल काय? त्यांनी निरीक्षण केले, शंका घेतली, सहकाऱ्यांना विचारले, पुस्तक पाहिले, पर्याय शोधला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिचारिकांना जे शिकवले जाऊ लागले ते नेमके हेच होते. त्याआधी परिचर्येच्या शिक्षणात शिस्त आणि आज्ञापालन यांना पहिले स्थान असे. औषधाबाबत पाच गोष्टी घोकून घेतल्या जात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. १९५० नंतरच्या दशकात येल विद्यापीठात इडा जीन ऑरलँडो यांनी परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील प्रत्यक्ष प्रसंगांच्या असंख्य नोंदी जमवल्या. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९६१ मध्ये निघाले. रुग्ण चिडला, रडला किंवा गोळी घ्यायला नाही म्हणाला, तर त्याचा अर्थ परिचारिकेने स्वतःच ठरवू नये. तो रुग्णाकडूनच पडताळून घ्यावा, मग कृती करावी आणि कृतीने उपयोग झाला का ते पुन्हा पाहावे, असे त्यांचे म्हणणे. गोळी नाकारणाऱ्या रुग्णाला कदाचित गिळताच येत नसेल, कदाचित तीच गोळी सकाळी कोणी देऊन गेले असेल. पुढे १९६७ मध्ये हेलन यूरा आणि मेरी वॉल्श यांनी याच विचाराला चार पायऱ्यांचे रूप दिले : पाहणी, आखणी, अंमल, मूल्यमापन. यालाच परिचर्या-प्रक्रिया म्हणू लागले. विज्ञानाच्या शिक्षकांना ही मांडणी ओळखीची वाटेल. निरीक्षण, अनुमान, प्रयोग, पडताळा यांचीच ती बहीण आहे.

पण अनुमान कितीही काळजीपूर्वक काढले तरी हाती आलेली माहितीच चुकीची असेल तर काय करायचे? पाच योग्य गोष्टींची यादी येथे तोकडी पडते. ‘योग्य मात्रा द्या’ हे सांगणे सोपे. ती योग्य आहे हे कळावे कसे, याविषयी यादी गप्प आहे.

या चुका किती होतात, हे मोजण्याची कल्पना पहिल्यांदा नेटाने राबवली केनेथ बार्कर या फार्मसीच्या अभ्यासकाने. १९६० च्या सुमारास रुग्णालयांत चुकांची मोजदाद होई ती कर्मचाऱ्यांनी स्वतः भरून दिलेल्या अहवालांवरून. असे अहवाल थोडेच येत आणि व्यवस्थापक निश्चिंत असत. बार्कर आणि वॉरन मॅकॉनेल यांनी सरळ वॉर्डात निरीक्षक पाठवले. निरीक्षकाने परिचारिकेबरोबर फिरायचे, कोणाला काय दिले, किती दिले, केव्हा दिले एवढेच लिहायचे. डॉक्टरांची चिठ्ठी त्याने पाहायची नाही. मग ती नोंद आणि मूळ चिठ्ठी समोरासमोर ठेवायची. पद्धत साधी आहे, पण तिच्यात एक हुशारी आहे. काय द्यायला हवे होते हेच ठाऊक नसल्याने निरीक्षकाच्या डोळ्यांना ‘हवा तो’ आकडा दिसण्याची भीती उरत नाही. १९६२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. अहवालांत दिसणाऱ्या चुका म्हणजे वस्तुस्थितीचा नगण्य अंश होता.

चाळीस वर्षांनी, २००२ मध्ये, बार्कर यांच्याच गटाने जॉर्जिया आणि कोलोरॅडो राज्यांतील ३६ संस्थांत हीच पद्धत वापरली. ३,२१६ डोसांपैकी ६०५ डोसांत काही ना काही चूक होती, म्हणजे सुमारे पाचांत एक. बहुतेक चुका वेळेच्या किंवा डोस राहून गेल्याच्या होत्या. इजा होऊ शकेल अशा त्यांपैकी सुमारे ७ टक्के. याच प्रकल्पातील २,५५६ डोस घेऊन चुका शोधण्याच्या पद्धतींची तुलनाही केली गेली. तज्ज्ञांनी निश्चित केलेल्या ४५७ चुकांपैकी प्रत्यक्ष निरीक्षणाने ३०० सापडल्या, केसपेपर तपासून १७, आणि कर्मचाऱ्यांच्या अहवालांतून अवघी १. परिचारिका खोटे बोलत होत्या असा याचा अर्थ नव्हे. आपली चूक झाली आहे हे बहुतेक वेळा करणाऱ्याला कळतच नाही. जी कळते ती सांगितली की शिक्षा होते, हेही खरेच.

चुका कमी करण्याचा एक उपाय बार्कर यांच्या पिढीनेच सुचवला होता. त्या काळी वॉर्डातील कपाटात औषधांच्या मोठ्या बाटल्या असत आणि परिचारिका त्यातून प्रत्येकाचा डोस काढून देई. त्याऐवजी एका रुग्णाचा एका वेळचा डोस औषधविभागानेच मोजून, नावानिशी, वेगळ्या वेष्टनात पाठवायचा. आर्कान्सा आणि आयोवा या विद्यापीठांच्या रुग्णालयांत १९६० नंतरच्या दशकात या पद्धतीचे प्रयोग झाले. ती पुढे अमेरिकेत सर्वत्र पसरली. सर्वत्र म्हणजे जवळजवळ सर्वत्र. डेन्व्हरच्या त्या रुग्णालयात नवजात बालकांच्या वॉर्डासाठी ती वापरली जात नव्हती. वापरली असती तर दोन भरलेल्या सिरिंज पिशवीतून आल्याच नसत्या.

परिचारिकेचा हात हा साखळीतील शेवटचा हात. बोस्टनच्या दोन मोठ्या रुग्णालयांतील डेव्हिड बेट्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी औषध लिहिताना केलेल्या गंभीर चुकांपैकी ४८ टक्के वाटेतच पकडल्या गेल्या होत्या. औषध देताना झालेल्या गंभीर चुकांपैकी पकडली गेली एकही नाही. पकडणार कोण? डॉक्टरच्या मागे फार्मासिस्ट आहे, फार्मासिस्टच्या मागे परिचारिका आहे, आणि परिचारिकेच्या मागे फक्त रुग्ण. तोही कधी बेशुद्ध, कधी एक दिवसाचा.

आता त्या खटल्याकडे. तिघींपैकी दोघींनी गुन्हा कबूल करून तडजोड केली. तिसरीचा खटला जानेवारी १९९८ मध्ये ज्यूरीपुढे चालला. सुरक्षित औषधवापराचा अभ्यास करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेच्या मायकेल कोहेन आणि ज्यूडी स्मेट्झर यांनी प्रकरणाचा कण न् कण तपासला. त्यांना व्यवस्थेतील ५० हून अधिक उणिवा आढळल्या. दुभाष्या नसण्यापासून ते सिरिंजवरील सूचनेच्या जागेपर्यंत. यांपैकी एखादी जरी वेळीच दूर झाली असती तरी बाळ वाचण्याची शक्यता होती. ज्यूरीने थोड्याच वेळात तिला निर्दोष ठरवले. हा निकाल आम्हांला योग्य वाटतो. बाळाच्या आईवडिलांना त्याने काय दिलासा मिळाला असेल, हा प्रश्न मात्र निकालाने सुटणारा नव्हता.

त्या सुमारास, याच देशात, एक वेगळी खटपट सुरू झाली होती. कॅन्सस राज्यातील टोपेका येथे निवृत्त सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात सू किनिक नावाच्या परिचारिका होत्या. १९९२ मध्ये भाड्याची मोटार परत करताना त्यांनी पाहिले की कर्मचाऱ्याने हातातले लहानसे यंत्र मोटारीवरील रेघांच्या पट्टीवर फिरवले आणि हिशेब पुरा केला. मोटारीबाबत हे जमते तर रुग्णाबाबत का जमू नये? रुग्णाच्या मनगटावर बारकोड, औषधाच्या वेष्टनावर बारकोड, दोन्ही जुळले तरच औषध द्यायचे. टोपेकाला प्रयोग झाला आणि २००० पर्यंत ही पद्धत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत देशभर पोचली. शेवटच्या हातामागे एक पहारेकरी उभा राहिला तो असा. बोस्टनच्या एका रुग्णालयातील २०१० च्या पाहणीत वेळेव्यतिरिक्तच्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्याचे दिसले.

पहारेकऱ्यालाही वाटा चुकवणारे भेटतातच. २००८ मध्ये रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील रुग्णालयांत पाहिले, तर परिचारिका या यंत्राला बगल देण्याचे १५ प्रकार वापरत होत्या. रुग्णांच्या पट्ट्यांच्या जादा प्रती काढून त्या टेबलावर किंवा दारावर चिकटवलेल्या असत. आळशीपणा? कारणे शोधली तर ३१ निघाली. मनगटावरची पट्टी भिजून वाचता येत नव्हती, यंत्राची बॅटरी संपली होती, औषधांची गाडी खाटेपर्यंत जात नव्हती, झोपलेल्या रुग्णाला हात काढायला लावणे जिवावर येत होते.

सिडनीतील दोन रुग्णालयांत जोहाना वेस्टब्रुक यांच्या गटाने ९८ परिचारिकांच्या मागे फिरून ४,२७१ डोस पाहिले. निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. निम्म्याहून अधिक वेळा, औषध देत असतानाच, परिचारिकेला कोणीतरी मध्येच थांबवले होते. अशा प्रत्येक व्यत्ययामागे औषधाच्या मात्रेसारख्या गंभीर बाबींतील चुकांचे प्रमाण सुमारे १२.७ टक्क्यांनी वाढत होते. रुग्णालयात गेल्यावर हातात ट्रे घेऊन निघालेल्या सिस्टरना आपण सगळेच थांबवतो आणि विचारतो : डॉक्टर किती वाजता येणार?