बिंबाणू-उत्तेजक मेदसंकेत

बिंबाणू-उत्तेजक मेदसंकेत : पेशीपटलातील फॉस्फोलिपिडांपासून गरजेच्या क्षणी निर्माण होणारे आणि अत्यल्प मात्रेत रक्तातील बिंबाणूंना (प्लेटलेट) चेतवून रक्तक्लथनास व शोथास चालना देणारे मेदरेणू. बिंबाणू-उत्तेजक घटक (पीएएफ) आणि थ्रॉम्बॉक्सेन ए-२ हे त्यांतील दोन प्रमुख होत.

शोध : सशाच्या श्वेत पेशींतून स्रवणारे एक द्रव्य बिंबाणूंना परस्परांस चिकटविते असे आढळल्यावर फ्रेंच शास्त्रज्ञ झाक बेंव्हनिस्त व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये त्यास बिंबाणू-उत्तेजक घटक (पीएएफ) हे नाव दिले; १९७९ मध्ये त्याची रासायनिक रचना निश्चित झाली. थ्रॉम्बॉक्सेनचा शोध १९७५ मध्ये स्वीडनमध्ये बेंग्ट सॅम्युएल्सन यांच्या प्रयोगशाळेत लागला. १९८२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक सॅम्युएल्सन, सुने बेर्गस्ट्रोम आणि जॉन व्हेन यांना याच कुळातील संशोधनाबद्दल मिळाले.

उत्पत्ती व कार्य : फॉस्फोलिपेज ए-२ हे विकर पेशीपटलातील मेदरेणूचा एक विशिष्ट बंध तोडते. सुटलेल्या अॅरॅकिडोनिक अम्लापासून बिंबाणूंत थ्रॉम्बॉक्सेन सिद्ध होते, आणि मागे उरलेला भाग योग्य जातीचा असल्यास त्यावर अॅसिटिल गट चढून पीएएफ तयार होतो. अशा रीतीने एकाच छेदातून दोन हुकूम जारी होतात. रक्तवाहिनी फाटली म्हणजे तेथे चिकटलेले बिंबाणू थ्रॉम्बॉक्सेनच्या योगे इतरांस पाचारण करतात, त्यांच्या पृष्ठभागावर उलटून आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरिनवर क्लथनघटक एकत्र जमतात, आणि अखेरीस फायब्रिनच्या जाळ्याने गुठळी पक्की होते. पीएएफ केशिका झिरपत्या करतो, श्वेत पेशींस बोलावितो व श्वासनलिका आकुंचित करतो. हा अंमल जागच्या जागी राहावा असा बंदोबस्तही शरीरात आहे : निरोगी वाहिनीभित्तीतील प्रोस्टासायक्लिन बिंबाणूंस आवरते, तर रक्तद्रवातील एक विकर पीएएफचा काही मिनिटांतच नाश करते.

सर्पदंशातील महत्त्व : महाड तालुक्यातील तुडीलसारख्या भातशेतीच्या गावी पावसाळ्यात पान लागण्याचे (साप चावण्याचे) भय नवे नाही, आणि या संकेतांचे उग्र रूप अशा दंशात प्रत्ययास येते. घोणस व फुरसे यांच्या विषांत फॉस्फोलिपेज ए-२ असते. म्हणजे शरीर जे विकर मोजूनमापून वापरते तेच येथे बाहेरून बेहिशेबी दाखल होते, आणि दंशस्थानी वेदना व सूज वाढविण्यात त्याचा हात असतो. त्याच वेळी घोणसाच्या विषातील प्रथिने क्लथनघटक दहास आणि फुरशाच्या विषातील प्रथिने प्रोथ्रॉम्बिनला अवेळी जागे करतात. त्यामुळे फायब्रिनोजेन खर्ची पडते व रक्त गोठेनासे होते. म्हणूनच कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलविता ठेवावी आणि मग तिरकी करावी, ही साधी परीक्षा रुग्णशय्येजवळ निर्णायक ठरते : रक्त पातळच वाहिले तर विष रक्तात भिनले आहे. महाड येथे दीर्घकाळ रुग्णसेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर (पद्मश्री, २०२२) यांनी या परिसरातील सर्पदंश व विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास जगापुढे मांडला. लाल विंचवाच्या विषाचा मार्ग मात्र वेगळा, स्वायत्त चेतासंस्थेतून जाणारा असून त्यावर त्यांनी प्रॅझोसिनचा उपयोग सिद्ध केला.

उपचार : नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवरील प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार होते; ते देताना कधीकधी तीव्र अधिहर्षता (अॅनाफिलॅक्सिस) उद्भवते, रक्तदाब कोसळतो व श्वास कोंडतो. अशा प्रतिक्रियेत पीएएफचा वाटा मोठा असून प्रतिक्रिया जितकी गंभीर तितके रक्तातील त्याचे प्रमाण अधिक, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तेव्हा प्रतिविष चालू असता अॅड्रिनॅलिन हाताशी असावे. अॅस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन घडविण्यास लागणारे विकर निकामी करून त्याची निर्मिती रोखते. हृदयरुग्णास तेच हितावह असते. पण बिंबाणूस केंद्रक नसल्याने नवे विकर घडविता येत नाही आणि हा परिणाम त्याच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस, टिकतो. यास्तव सर्पदंशात वेदनेसाठी अॅस्पिरिन कदापि घेऊ नये, दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा, आणि रुग्णास विनाविलंब प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे.