कागद एका घरी ठेवू नये

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात साखरा हे गाव आहे. इथले एखादे शेतकरी कुटुंब शंभर वर्षे एकाच घरात नांदले असले, तरी त्याच्या कागदांवर पाच वेगवेगळ्या कारभारांचे शिक्के सापडू शकतात. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या परभणी जिल्ह्यात होता. त्यानंतर आठ वर्षे तो भारतातल्या हैदराबाद राज्यात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा काढलेल्या हिंगोली जिल्ह्यात समाविष्ट झाला. दरबारची भाषा आधी फारसी होती, १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली, गावपातळीवर मोडी चाले, आणि आज सगळे देवनागरीत आहे. सनही बदलला. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९ हे घरातल्या आजच्या तरुणाला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. अडीअडचणीला हाताशी असावेत म्हणून जपायच्या घरच्या कागदांचा विचार करताना आपण आग, पूर आणि चोरी एवढीच संकटे धरतो, आणि कागद पेटीत घालून कुलूप लावले की काळजी मिटली असे मानतो. मराठवाड्याच्या इतिहासाचा दाखला याच्या उलट आहे. इथे पुष्कळ कागद पेटीत सुखरूप राहूनही निरुपयोगी झाले. वेळेला उपयोगी पडले ते दोन-तीन ठिकाणी नोंदलेले कागद, आणि तेही कोणाला तरी वाचता येत होते म्हणून.

ही गोष्ट जुन्या मराठी गावगाड्याला पक्की ठाऊक होती. सतराव्या-अठराव्या शतकांतले वतनाच्या तंट्यांचे कागद वि. का. राजवाड्यांनी आणि त्यांच्यानंतर अनेकांनी छापले. त्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: धामधुमीत गाव लुटले गेले, कागद जळाले किंवा गहाळ झाले, आता भाऊबंद वतन नाकारतात. अशा वेळी दाद मागायला गोतसभा असे. पाटील, कुळकर्णी, शेजारच्या गावांचे वतनदार आणि बलुतेदार जमत, साक्षी होत, आणि निकालाचा महजर तयार होई. लिहिता न येणारेही त्यावर आपली निशाणी करत. पाटलाचा नांगर उमटे, न्हाव्याचा आरसा उमटे. कागद गेला तरी हक्क उभा करता येत होता, कारण त्याची आठवण अनेक माणसांत वाटलेली होती. शिवाय त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्या गावा-आडनावांनिशी लिहिल्या जात. घरापासून शेकडो मैलांवर पडलेली ती कुळाची एक नक्कलच म्हणायची. ही व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणत नाही. गोतसभेत कोणाच्या शब्दाला किती वजन, हे जातीवर आणि वतनावर ठरत असे, आणि बायकांना तिथे फारसे स्थान नव्हते. पण पुरावा एकाच घरात कोंडून ठेवू नये, एवढे शहाणपण तिच्यात होते.

ते सोडले की काय होते, हे १८७५ साली पुणे जिल्ह्यात दिसले. सुप्याला १२ मे रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि पुढे तो उठाव पुणे-अहमदनगर भागात पसरला. लोकांना मुख्यत्वे हवी होती ती कर्जरोख्यांची चळत. रोखे हिसकावून जाळण्यात आले. कर्जाचा कागद फक्त सावकाराकडे असे. काय लिहिले आहे ते ऋणकोला वाचता येत नसे, आणि फेडीची पावती मिळेलच असे नसे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने गावनिबंधकासमोर दस्त करणे, पावती देणे आणि हिशेबाची प्रत ऋणकोला देणे बंधनकारक केले. दुसऱ्याच्या हातातही एक प्रत असली पाहिजे, हेच सरकारने कायद्याने कबूल केले. हा कायदा निजामाच्या मुलखाला लागू नव्हता. इथे गावचे दप्तर पटवाऱ्याकडे असे, आणि पटवारीपण वंशपरंपरेचे असल्यामुळे सरकारी कागद आणि पटवाऱ्याचे घर यांत फारसा भेद राहत नसे.

म्हणूनच १९४८ नंतरची दहा-पंधरा वर्षे मराठवाड्यातल्या घरांसाठी कागदांच्या दृष्टीने मोठ्या उलथापालथीची ठरली. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या. १९५० च्या कूळ कायद्याने संरक्षित कुळांना हक्क दिले. १९५४-५५ चे खासरा पत्रक तयार झाले आणि आजही जमिनीच्या वादात ते बाहेर काढले जाते. पुढे वंशपरंपरेची पदे जाऊन तलाठी आले, जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. ज्याने कूळ म्हणून नाव लागल्याचा उतारा घेऊन ठेवला, त्याचा नातू बोलू शकला. ज्याने जहागीरदाराच्या किंवा पटवाऱ्याच्या शब्दावर भिस्त ठेवली, त्याच्या हाती काही राहिले नाही. याच काळात मोडी शाळांतून गेली आणि उर्दू वाचणारी पिढी हळूहळू सरली. कागद घरातच होता, पण घराला तो वाचता येईनासा झाला.

याचा परिणाम किती खोल आहे ते २०२३ मध्ये साऱ्या राज्याने पाहिले. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर वाचकाचे मत काहीही असो, कागदांच्या इतिहासाच्या दृष्टीने हा शोध विलक्षण आहे. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कुळांच्या नोंदवह्या, १९५१ ची नागरिक नोंदवही, गावच्या जन्ममृत्यूचा नमुना १४ म्हणजे आपले कोतवाल बुक, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, खरेदीखते, इतकेच काय तुरुंगाची आणि पोलिसांची दप्तरेही उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले, निजामकालीन दप्तरांसाठी तेलंगणाकडे जावे लागले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सरकारने सांगितले की सुमारे पावणेदोन कोटी नोंदी तपासून ११,५३० कुणबी नोंदी मिळाल्या. एखाद्याच्या पणजोबाची जात कोणत्या वहीत सापडेल हे आधी सांगता येत नव्हते, आणि ती वही बहुधा घराबाहेरचीच होती.

इथे एक रास्त आक्षेप येतो. कागद ही जमीनवाल्यांची आणि शिकलेल्यांची चैन आहे. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्याने काय जपावे? मराठवाड्यातल्या गायरानधारकांनी याचे उत्तर दिले आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून ही लढाई चालू आहे. १९९१ च्या शासन निर्णयाने मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले, तेव्हा कब्जा किती जुना आहे हे सिद्ध करायची वेळ आली. तलाठ्याच्या नमुना १-ई मधली अतिक्रमणाची नोंद आणि भरलेल्या दंडाची पावती हेच पुरावे ठरले. शिक्षा म्हणून मिळालेला कागद हक्काचा आधार झाला. दंडाची पावती लाजेने फाडून टाकणाऱ्यापेक्षा ती जपून ठेवणारा शहाणा निघाला, आणि त्याला शिक्षण किती होते याचा इथे संबंध नव्हता. गरिबाला कागद कमी लागतात हे खरे नाही. त्याच्याकडे मोजकेच असतात, म्हणून त्यातला एकेक त्याला अधिक मोलाचा असतो.

दुसरा आक्षेप आजचा आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो, डिजीलॉकर आहे, मग घरात चळत कशाला? सोय मोठी आहे आणि ती घ्यावीच. पण संगणकातला सातबारा हा हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावरूनच उतरवलेला आहे. उतरवताना नाव चुकले, क्षेत्र घटले किंवा एखादा वारस गळला, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्ती मागताना जुना उतारा आणि फेरफारच दाखवावा लागतो. पडद्यावरची नोंद तपासायची तर तिच्याहून जुना कागद कोठेतरी असायला हवा.

आणि संकट मुदत देत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला दोन लाख रुपये आहेत. त्यासाठी सातबारा, वयाचा दाखला, पंचनामा आणि तलाठ्याकडची नमुना ६-क मधली वारस नोंद लागते, आणि अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. ज्या घरात आजोबांच्या मृत्यूनंतर फेरफारच झालेला नाही, तिथे नुकत्याच विधवा झालेल्या बाईला महिनाभरात दोन पिढ्यांचा कारभार निस्तरावा लागतो. शेतकरी आत्महत्यांच्या मदतीची प्रकरणे अपात्र ठरण्यामागेही जमीन नावावर नसणे हे एक कारण राहिले आहे. वारसा नोंदीची खबर तीन महिन्यांत द्यावी असे संहिता सांगते. आपण ती तीस वर्षे देत नाही, कारण वाटणीचा विषय काढणे अभद्र वाटते. माझ्या मते आपल्या घरांतली कागदांची सर्वात मोठी हानी ना वाळवीने केली आहे ना पुराने. ती या संकोचाने केली आहे.

नैसर्गिक संकटही लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर पडल्या, तेव्हा पेट्याही त्याखाली गेल्या. हिंगोली जिल्ह्याला २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत अतिवृष्टीने गावे पाण्यात गेली. म्हणून प्रत दुसऱ्या गावी असावी, आणि त्यासाठी सर्वात योग्य जागा सासरी गेलेल्या लेकीचे घर आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून ती वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सेदार आहे, तरी सातबाऱ्याची प्रत मात्र तिच्याकडे क्वचितच असते. ती तिला दिली तर पुरापासून कागद वाचतो आणि तिचा हक्कही उघड्यावर येतो. काहींना नेमके हेच नको असते; त्यांचा आक्षेप मला मान्य नाही.

साखऱ्यातल्या, सेनगावातल्या, कुठल्याही गावातल्या घराने या दिवाळीच्या सुटीत एवढे करावे: घरातला मोडी-उर्दू कागद जाणकाराकडून वाचून घ्यावा, त्याचे देवनागरी लिप्यंतर सोबत जोडावे, त्यावर फसली सनापुढे इसवी सन आणि जुन्या सर्व्हे नंबरापुढे गट नंबर लिहावा, राहिलेली वारस नोंद तलाठ्याकडे द्यावी आणि एक संच लेकीच्या हाती ठेवावा.